लतीफचाचांच्या नावावरच्या चुका

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे फारसं काही नसतं. एकदा बडनेऱ्याच्या घरी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पाणी दे. पाणी प्यालो आणि विषय संपला. तुम्हाला मात्र सांगतो आहे. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

सुरुवात कुठून करू, हाही प्रश्नच आहे. ही गोष्ट मी मनात इतक्या वेळा घोळवली आहे की त्यातलं घडलेलं कुठलं आणि मी रचलेलं कुठलं, हे मलाच कधी कधी कळेनासं होतं. हे मी उगाच म्हणत नाही — पुढे तुमच्या लक्षात येईल.

अकोल्याच्या बाहेर, मूर्तिजापूर रस्त्याला, एक जिनिंग-प्रेसिंगची फॅक्टरी होती. कापूस यायचा, रेच्यांमधून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांमधून निघायचा. सरकी खाली पडायची, रुई पुढे जायची, आणि प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी व्हायच्या. मी तिथे ऑफिसात होतो. घर माळ्याचं, वडिलांचा बडनेऱ्याच्या बाजारात भाजीचा ठेला. घरात पहिला बीएस्सी मीच. इंग्रजी बऱ्यापैकी, टायपिंग चांगलं. रोज पॅसेंजरनं बडनेऱ्याहून अकोल्याला जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत. सरळ आयुष्य होतं. सरळ माणूस आहे, असं लोकही म्हणायचे.

दक्षिणेतली एक मोठी सूतगिरणी आमच्या गाठी घ्यायची. तिनं एके वर्षी कळवलं की इथून पुढे दर्जाचं प्रमाणपत्र असलेल्या फॅक्टरीचाच माल घेऊ. शेठजींनी ते मनावर घेतलं. आठ महिने नुसती धावपळ. मशीनवर पाट्या लागल्या, जमिनीवर पिवळे पट्टे मारले गेले, प्रत्येक कामाची पद्धत लिहून काढली गेली. लिहिणारा मी. आणि मिळालं की हो प्रमाणपत्र. काचेत बसवून त्याला हार घातला, सगळ्यांना पेढे वाटले, रेचे अर्धा तास बंद ठेवून फोटो काढला. शेठजींनी फायलींच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता हे सांभाळायचं तुमच्याकडे. त्या दिवसापासून मी सिस्टिमवाले सायेब झालो.

मिळवताना मजा असते. सगळे सोबत असतात. पण पेढे संपल्यावर काय? टिकवणं एकट्याचं असतं, आणि रोजचं असतं. सफाईची यादी, ओलाव्याची नोंद, रेच्यांची तपासणी, कामगारांचं प्रशिक्षण — रोज काही ना काही लिहायचं. वर्षातून एकदा नागपूरहून तपासनीस येणार, कागद बघणार, आणि ठरवणार की हार घातलेली ती काच भिंतीवर राहील की उतरेल.

पहिल्या वर्षी मी डोळ्यांत तेल घालून सगळं लिहिलं. एकही रकाना रिकामा नाही, एकही खाडाखोड नाही. तपासनीस आले — मृदू बोलणारे, बिनसाखरेचा चहा पिणारे गृहस्थ. फायली चाळल्या आणि चष्मा काढून मला म्हणाले, वर्षभरात एकही चूक नाही? मग तुमची व्यवस्था जिवंत आहे असं कसं म्हणू? माणसं काम करतात तिथे चुका होतात. व्यवस्था त्या पकडते, कारण शोधते, पुन्हा होऊ नयेत म्हणून काही करते. तसं काही झालेलं दिसू द्या. पुढच्या वर्षी बघतो.

ते बरोबरच बोलत होते. त्यांना खऱ्या चुका हव्या होत्या. पण खऱ्या चुका लिहिता येतात का? निकडीच्या वेळी शेठजी स्वतः उभे राहून शेवटच्या वेचणीचा पिवळट कापूस चांगल्या ढिगात मिसळायला लावायचे — हे लिहू? कोणाच्या नावावर लिहू? मी मान डोलावली. आणि मग — हळूहळू — मी चुका तयार करायला लागलो.

त्यासाठी एक पिवळा फॉर्म होता. काय चुकलं, कोणाकडून, कशामुळे, काय सुधारणा केली — चार रकाने, खाली त्या कामगाराची सही, की मला प्रशिक्षण मिळालं. सहीवाचून फॉर्म पुरा होत नव्हता. तेव्हा चूक रचणं सोपं, सही आणणं अवघड. पहिला फॉर्म घेऊन मी शोभाबाईंकडे गेलो. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये त्या पुढारी. त्यांनी हात पदराला पुसले, फॉर्म हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला.

"काय लिवलं हाय यात? वाचून दाखवा आधी. मंग सही."

मी म्हणालो, काही नाही, असंच आहे. आणि फॉर्म घेऊन परत आलो.

मग मी लतीफचाचांकडे गेलो.

आता त्यांच्याबद्दल सांगायला हवं — आणि इथेच माझी जीभ अडखळते. लतीफचाचा साठीच्या आतबाहेर असतील. रस्त्यापलीकडच्या जिनमध्ये त्यांची उमर गेली. ते जिन बंद पडलं तेव्हा शेठजींनी त्यांना बोलावून घेतलं. काम एकच — आलेला कापूस बघायचा. वाळलेला की ओला, कुठला कोणत्या ढिगावर टाकायचा. ते कापसातली एक सरकी काढून दाताखाली धरायचे. कट्‌ असा आवाज झाला की माल वाळलेला. आवाज न होता सरकी दबली, की ओला. बस्स. एवढंच. पण त्या एवढ्याशा आवाजातून त्यांना काय काय कळायचं — माल काल वेचलाय की परवा, रात्रभर दवात होता का, गाडीवाल्यानं वाटेत पाणी मारलंय का. आम्ही कंपनीचं यंत्र आणलं होतं, कापसात सुया खुपसून ओलावा सांगणारं. चाचा आधी दातानं सांगायचे, मग यंत्र बघायचे, आणि यंत्रानं तेच सांगितलं की यंत्राच्या पाठीवर थाप द्यायचे. शाबासकी दिल्यासारखी.

माझ्या लिहिलेल्या कार्यपद्धतीत यंत्र होतं. दात नव्हते. दात कसे लिहिणार?

चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी बोलायचे वऱ्हाडी, पण वाचायचे उर्दूच. मी फॉर्म पुढे केला आणि म्हणालो, चाचा, प्रशिक्षणाची सही आहे. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पेन घेतलं, आणि उजवीकडून डावीकडे अशी काही सुंदर सही केली की माझा तो भिकारडा फॉर्म एकदम दस्तऐवज वाटायला लागला. मी म्हणालो, छान सही आहे. ते लाजले. म्हणाले, "मास्तरनं मारून मारून शिकवली, सायेब."

आणि असं सुरू झालं.

दुपारची वेळ असायची. डबा खाऊन झालेला. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून रेच्यांचा हॉल दिसायचा, आणि त्याच्या वरच्या झरोक्यांतून ऊन तिरपं आत यायचं. त्या उन्हात रुईचे तंतू तरंगत असायचे — खाली पडतच नसत. एक सुटायचा, वर जायचा, थांबायचा, कुठे जायचं ते विसरल्यासारखा. रेच्यांचा एकसुरी आवाज. डोळे अर्धे मिटलेले. अशा वेळी मी पिवळा फॉर्म पुढे ओढायचो, आणि चूक आपोआप यायची. स्वप्न येतं तशी. मला ती दिसायची. ढिगाच्या पायथ्याशी निळ्या नायलॉन दोरीचा तुकडा, आणि तो न बघता पुढे जाणारे चाचा. पश्चिमेकडे ढग, आणि ताडपत्री ओढायची विसरून गेटाकडे चालत निघालेले चाचा. दोन ढिगांच्या मधली जागा न सोडल्यामुळे मिसळलेला माल, आणि त्याच्याकडे कमरेवर हात ठेवून बघणारे चाचा. मी लिहायचो. नीट, वळणदार, कारणासकट.

खरं सांगू? मला त्यात आनंद व्हायचा. शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवणारा मी, पंधरा वर्षं गाठींचे नंबर टाइप करत बसलो होतो. आणि आता कोणीतरी मला गोष्टी लिहायला बसवलं होतं. मी चुकांना हवामान दिलं, वेळ दिली, क्वचित चाचांना थोडी दमणूक दिली. एका फॉर्मवर तर मी लिहिलं की त्या दिवशी त्यांचे डोळे चुरचुरत होते. बघा — दयाळूपणासुद्धा दाखवला मी.

आजही मी डोळे मिटले की चाचा मला ढगाखालून चालत जाताना दिसतात, मागे उघडा ढीग. हे कधी झालंच नाही. ताडपत्री ते एकदाही विसरले नाहीत. आणि तरी दिसतं. त्यांची खरी आठवण काढू म्हटलं तर आधी माझी रचलेलीच पुढे येऊन उभी राहते. याला काय म्हणायचं?

दुसऱ्या वर्षी तपासनीस खूश झाले. म्हणाले, आता व्यवस्था जिवंत वाटते. त्यांनी कामगाराशी बोलायचं म्हटलं, तेव्हा मी चाचांनाच पुढे केलं. चाचा आले, टोपी नीट केली, आणि प्रशिक्षण मिळतं का असं विचारल्यावर म्हणाले, "मिळते जी. लय चांगलं मिळते." तपासनीसांनी त्यांच्या सहीचं कौतुक केलं. चाचा दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरले. शोभाबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं.

तीन वर्षांत एकवीस फॉर्म झाले. एकविसांपैकी एकोणीस चाचांचे. दुसऱ्या कोणाचं नाव टाकायचं म्हटलं तर पुन्हा सहीचा प्रश्न. आणि सवय झाली होती. माझ्या गोष्टींतला माणूस तोच होता — दुसऱ्याला मी ओळखतच नव्हतो म्हणा ना.

आता यातली एक सांगतो. एकोणिसातल्या अठरा मी रचलेल्या. एक खरी.

ते ओलावा बघणारं यंत्र वर्षातून एकदा नागपूरला प्रयोगशाळेत पाठवावं लागायचं. बरोबर आकडा दाखवतं की नाही याची खात्री करून ते लोक त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून द्यायचे. त्या वर्षी हंगाम तोंडावर होता, यंत्र आठवडाभर नसलं तर अडलं असतं, आणि — खरं कारण — मी विसरलो. आठवलं तेव्हा तपासणीला तीन दिवस होते. मी कॉम्प्युटरवर तशीच चिठ्ठी छापली, नवी तारीख टाकली, आणि जुनीवर चिकटवली. पाच मिनिटांचं काम. कागदी घोडे नाचवून नाचवून माझे हात त्यात तयार झाले होते.

त्याच हिवाळ्यात एक दिवस बराच माल आला. चाचांनी सरकी दाताखाली धरली, थांबले, दुसरी धरली, तिसरी. मग माझ्याकडे आले.

"सायेब, हा माल वल्ला हाय. याले दोन दिवस ऊन दाखवा, मंगच रेच्यावर घ्या."

मी यंत्र खुपसलं. यंत्र म्हणालं, मर्यादेच्या आत. चाचांनी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी त्या दिवशी थाप दिली नाही. म्हणाले, "मशीन काहून असं सांगून राहिली?" सूतगिरणीचा ट्रक दुसऱ्या दिवशी भरायचा होता. शेठजींचे दोन फोन येऊन गेले होते. आणि चिठ्ठी मी छापली आहे हे मला माहीत होतं — ते त्या क्षणी मला आठवलंही. हे मी लपवत नाही. आठवलं, आणि मी म्हणालो, यंत्र सांगतं तेच धरायचं असतं चाचा, कार्यपद्धत आहे. ते बाजूला झाले.

दीड महिन्यानं सूतगिरणीकडून तक्रार आली. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत रुईचा नमुना. पिशवी उघडली तर ओल्या, बंद खोलीत राहिलेल्या कपड्यांसारखा वास आला. गाठी आतून पिवळ्या पडल्या होत्या. असल्या तक्रारीचा पिवळा फॉर्म भरावाच लागतो — तिथे रचायचं काही नव्हतं, एकदाची खरी चूक मिळाली होती. मी पेन उचललं. 'कोणाकडून' या रकान्याशी हात थांबला का? थांबला असेल. मला थांबल्याचं आठवतं, पण माझ्या आठवणीवर तुम्ही किती विश्वास ठेवावा? मी लिहिलं — लतीफ. ओला माल तपासून वेगळा न काढता रेच्यावर पाठवला. चाचांनी खाली सही केली, नेहमीसारखी, सुंदर.

तेव्हा बाहेर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं चालू होती. तुम्हाला माहीत आहेत ती. सकाळी पेपर उघडला की आपल्याच जिल्ह्यातल्या गावांची नावं यायची, आणि गाडीतली माणसं ते पान दुमडून ठेवायची. कापूस कमी येत होता. रस्त्यापलीकडच्या बंद जिनच्या फाटकात गवत कमरेएवढं वाढलं होतं. आमच्याकडे दोन पाळ्यांची एक करायचं ठरलं. म्हणजे काही माणसं कमी करायची.

शेठजींचं मन होईना. ते काम त्यांनी मुलीकडे दिलं. पुण्यात शिकून ती नुकतीच परत आली होती. वयानं लहान, पण आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. चांगली मुलगी. वशिला नको, जवळचा-लांबचा नको, निदान न्यायानं करू, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं कपाटाची किल्ली मागितली आणि तीन दिवस बसून सगळ्या फायली वाचल्या. माझ्या फायली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारं ते पहिलंच माणूस. तपासनीससुद्धा चाळायचे फक्त. तिनं वाचल्या, आणि खऱ्या मानल्या. का मानू नयेत?

तिनं मला बोलावलं. समोर पिवळ्या कागदांची चळत. म्हणाली, साहेब, एकाच माणसाच्या नावावर एवढ्या चुका? हे सगळं बरोबर आहे ना?

हा तो क्षण. खोलीत पंखा फिरत होता. खिडकीच्या गजाला रुईचा एक पुंजका अडकून हलत होता. तो सुटतो का, एवढंच मी बघत होतो. मला वाटत होतं, हे दुसऱ्याच कोणाचं चाललंय आणि मी काचेबाहेरून बघतोय. मी म्हणालो, "रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे."

रेकॉर्डप्रमाणे. वाक्य किती जपून केलंय बघा. खोटंसुद्धा नाही.

खरं सांगितलं असतं तर प्रमाणपत्र गेलं असतं, सूतगिरणी गेली असती, मग सगळ्यांचीच कामं गेली असती — हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला ऐकवलं. खोटं आहे ते. त्या क्षणी मला सगळे आठवले नव्हते. माझी खुर्ची आठवली होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं चाचांना ऑफिसात बसवलं. हे मला अपेक्षित नव्हतं — तिनं ते सगळे फॉर्म त्यांना वाचून दाखवले. का काढतोय हे माणसाला कळलं पाहिजे, असं तिचं मत. एकेक करून, सावकाश, आदरानं. मी बाजूच्या खुर्चीत बसलो होतो. पहिल्या फॉर्मला चाचा हसले. "हे कवा झालं?" म्हणाले. दुसऱ्याला हसले नाहीत. चौथ्या-पाचव्यानंतर ते मान हलवायला लागले, आणि मला दिसत होतं की ते आठवायचा प्रयत्न करताहेत. निळी दोरी. ढग. ताडपत्री. तारीख सांगितली की ते वर छताकडे बघायचे, त्या दिवसाला शोधत. आणि दहाव्या-बाराव्याला, देवाशपथ सांगतो, त्यांना ते सापडायला लागलं. "हाव, त्या दिशी डोये चुरचुरत होते," असं ते स्वतःच म्हणाले.

मग सूतगिरणीचा फॉर्म आला. ताईनं वाचला. चाचांनी झटकन मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्या नजरेत. असता तर बरं झालं असतं. रस्ता चुकलेलं माणूस ओळखीच्या माणसाकडे बघतं, तसं ते बघत होते. मी फक्त म्हणायचं होतं, 'चाचा, तुम्ही म्हणाला होतात ओला' — पाच शब्द. मी माझ्या पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. चाचांनी मान खाली घातली. म्हणाले, "असीन."

त्यांचं काम गेलं. त्यांच्या मनातून काय गेलं, ते मला नंतर शोभाबाईंकडून कळलं. टिळक रस्त्याकडे त्यांच्या साडूचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. तिथे ते बसायला लागले. जुने ओळखीचे व्यापारी यायचे, नमुना पुढे करायचे, चाचा, जरा बघा. चाचा हात मागे घ्यायचे. सरकी तोंडात घालायचे नाहीत. म्हणायचे, मशीनवर पाहा, माह्या दाताचं आता काही खरं नाही. हे सांगताना शोभाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना त्यांची?

पुढे ते अचलपूरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मला चार महिन्यांनी कळलं. माझी नोकरी राहिली. प्रमाणपत्र राहिलं, नंतरच्या प्रत्येक तपासणीत राहिलं.

एवढंच असतं तर कदाचित मी हे कधीतरी बायकोला सांगितलं असतं. खोटे कागद, एका माणसावर अन्याय, माझं भित्रेपण — वाईट आहे, पण सांगता येतं. जे सांगता येत नाही ते वेगळंच आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय.

अचलपूरला जायच्या आदल्या दिवशी चाचा अकोला स्टेशनवर आले. फॅक्टरीत यायचा संकोच वाटला असावा. माझी पाच-सव्वापाचची गाडी त्यांना माहीत होती. प्लॅटफॉर्मवर पिंपळाच्या सावलीत उभे होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. गाव सोडून जाताना त्यांच्यात रिवाज आहे — ज्यांच्या-ज्यांच्यासोबत उठबस झाली त्यांच्याकडे जाऊन म्हणायचं, कहा-सुना माफ करा, म्हणजे बोलाचालीत काही कमी-जास्त झालं असेल तर माफी. ते सकाळपासून एकेकाकडे जाऊन आले होते. रेच्यावरच्या माणसांकडे, शोभाबाईंकडे, शेठजींकडेसुद्धा. माझ्यासाठी शेवटचा वेळ राखून ठेवला होता.

मला वाटलं, ते रिवाजापुरतं बोलतील. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"सायेब, बाकीच्याइले मी नुसतं कहा-सुना म्हणलो. तुमाले तसं नाही म्हनू शकत. तीन वर्सं तुमी माह्या चुका निस्तरल्या. दर बारीनं मले शिकवलं, अन्‌ कोनाले कळू नाही देल्लं. मी मात्र सुधारलो नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तो वल्ला माल… मले त आठवते का मी तुमाले म्हनलो होतो. पण कागदावर तसं नाही. आता डोक्याचाही भरोसा नाही राहिला. माह्यामुळं फॅक्टरीचं नाव खराब झालं. माफ करा."

त्यांचे डोळे भरले होते. गाडीची घोषणा झाली. अजूनही वेळ होता — गाडी यायला तीन-चार मिनिटं तरी असतील. एका माणसाला त्याचे दात, त्याचं डोकं परत द्यायला तीन मिनिटं पुरतात. प्लॅटफॉर्मवर आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. शेठजी नव्हते, ताई नव्हती, तपासनीस नव्हते. मला कोणाची भीती नव्हती. ते उद्या जाणार होते.

मी त्यांचे हात दाबले. म्हणालो, "होतं असं चाचा. वय झालं की होतं. मी माफ केलं."

त्यांनी मला छातीशी धरलं. त्यांच्या सदऱ्याला साबणाचा वास होता. त्यांचा श्वास हलका झाल्याचं मला कळलं. आणि मला — हे सांगायचं होतं — मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं माझ्या. त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभा असताना, एका गरीब, चुकत गेलेल्या माणसाला मी मोठ्या मनानं क्षमा केली आहे, असं मला खरोखरच वाटत होतं.